खानदेशांतील गुणिजनांचा मुक्काम

कवि, चित्रकार, शास्त्री, गवई, ग्रंथकार हे लोक राहतात कोठें, असें कोणी विचारलें, तर मराठी माणसाच्या ओठांवर एक ठरीव उत्तर असतें: जेथें दरबार असेल तेथें. बडोद्यास सयाजीराव महाराज होते, म्हणून तेथें ग्रंथकार व गवई जमले. कोल्हापुरास शाहू महाराज होते, म्हणून अल्लादियाखांसाहेब तेथें राहिले. औंधाचे पंतप्रतिनिधि स्वतः कुंचला धरणारे होते, म्हणून चित्रकार व वेदाभ्यासी पंडित सातवळेकर त्या लहानशा संस्थानांत जाऊन स्थिरावले. दरबार नसेल, तर विद्यापीठ हवें. आणि विद्यापीठहि नसेल, तर मुंबईसारखी पेढ्यांची, छापखान्यांची व नाटकगृहांची नगरी तरी हवी.

खानदेशाजवळ यांपैकीं एकहि गोष्ट नव्हती. १८१८ सालीं हा मुलूख थेट इंग्रजी अंमलाखालीं आला. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव एकाचें ठाणें झालें आणि धुळें दुसऱ्याचें. कापूस पिकवावा, सरकी काढावी, गांठी बांधून आगगाडीनें मुंबईस रवाना कराव्या, हा येथील पेठांचा धर्म. विद्यापीठ येण्यास तर १९९० साल उजाडावें लागलें. असें असूनहि इतिहासाचार्य राजवाडे आपल्या अखेरच्या दिवसांत धुळ्यास राहिले. देशभरचे तत्त्वज्ञ अमळनेरास येऊन बसले. मुंबईंत जन्मलेल्या एका पारशी कलावंतानें सारें आयुष्य चाळीसगांवीं काढलें. आणि याच खानदेशांत जन्मलेले किती तरी गुणी लोक मात्र गांव सोडून दूर गेले. जे आले ते कशासाठीं आले, जे गेले ते कशासाठीं गेले, आणि या येण्याजाण्यांत नगरानें आपलें कर्तव्य कितपत बजावलें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. त्यांत नगराच्या अब्रूचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें एक फार जुनें उत्तर दगडावर कोरलेलें आहे. चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण नांवाचें स्थळ आहे. देवीच्या मंदिरामुळें लोक त्यास पाटणादेवी म्हणतात. भोंवतालचें रान आज गौताळ्याच्या अभयारण्यांत मोडतें. परंतु बाराव्या शतकांत तेथें भरलेली पेठ होती, निकुंभ घराण्यांतील मांडलिकांचें ठाणें होतें, आणि त्यांच्यावर देवगिरीच्या यादवांची सत्ता होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं येथील शिलालेख विद्वानांपुढें मांडला. त्या लेखांत ज्योतिर्गणिती भास्कराचार्य यांच्या कुळाची हकीकत आहे. आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर हा मोठा पंडित निघाला; तेव्हां यादव राजा जैत्रपाल यानें त्यास या नगरांतून नेऊन आपल्या पंडितांचा अग्रणी केलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा पुढें राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी झाला. लहान गांवांत विद्या रुजावी आणि राजधानीनें ती उचलून न्यावी, ही गोष्ट आठशें वर्षांपूर्वींहि घडतच होती!

परंतु पाटणच्या लेखाची खरी थोरवी याच्या पुढें आहे. राजधानींत मान पावलेला चांगदेव आपल्या आजोबांचे ग्रंथ विसरला नाहीं. ‘सिद्धान्तशिरोमणि’ प्रभृति ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें, म्हणून त्यानें मठ स्थापिला, आणि तो देवगिरीस न स्थापितां पाटणास स्थापिला. निकुंभ राजा सोइदेव यानें त्या मठास देणगी दिली, त्याच्या मागून त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेंहि दिली, आणि इ. स. १२०७ मधील दानाची नोंद शिळेवर झाली. लेखाचा बराच भाग संस्कृतांत आहे. पण देणगीचा तपशील यावयाचा तेथें भाषा मराठी होते, कारण तो तपशील बाजारांतील माणसास कळावयास हवा होता. पेठेंत जो माल विकला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाकडे जाणारा हिस्सा मठास दिला आहे. जितके तेलाचे घाणे फिरतील, तितक्यांनीं घाण्यामागें पळी पळी तेल द्यावें, असें लाविलें आहे.

या व्यवस्थेंतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. राजानें पंडितास शालजोडी देऊन वाटेला लाविलें नाहीं. त्यानें विद्येचा खर्च गांवच्या रोजच्या व्यवहारांत बसवून दिला. तेल्यास गोलाध्याय समजत नसेल; पण मठांतील दिवा त्याच्या तेलावर जळत होता, हें त्यास ठाऊक असलेंच पाहिजे. नगरानें गुणिजनांसाठीं काय करावें, या प्रश्नावरील खानदेशांतील हा एक फार प्राचीन ठराव होय. आज तेथें मठ नाहीं, घाणे नाहींत, पेठहि नाहीं. ठरावाचा दगड तेवढा उरला आहे.

आतां धुळ्याची गोष्ट. १८०३ सालच्या भयंकर दुष्काळांत हें गांव साफ ओस पडलें. दुसऱ्या वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें, आणि त्याबद्दल त्यांस इनाम जमीन व इतर हक्क मिळाले. १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसतांच कॅप्टन ब्रिग्ज यानें नव्या जिल्ह्याचें ठाणें म्हणून धुळ्याची निवड केली. त्या वेळीं तें पांझरा नदी व पाटाचें पाणी यांच्यामध्यें सांपडलेलें, बागाइतानें वेढलेलें खेडेंवजा गांव होतें. १८१९ सालीं तेथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं.

ब्रिग्जनें कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळविली आणि दूरदूरच्या गांवांहून कारागीर आणविले. पण नुसत्या बोलावण्यानें कारागीर राहत नाहीं. काम संपलें कीं तो आपली थापी उचलून चालूं लागतो. म्हणून व्यापारी व इतर लोक यांना घरें बांधण्यास कायमची बिनभाड्याची जागा देण्यांत आली. पक्कीं घरें उभारतां यावीं, यासाठीं जुन्या रहिवाशांस आणि परक्यांस सारखीच आगाऊ रक्कम मिळाली. सरळ, रुंद रस्त्यांची नवी वस्ती आंखली गेली. १८६२ सालीं नगरपालिका स्थापन झाली, आणि १८७२ च्या खानेसुमारींत धुळ्याची वस्ती १२,४८९ भरली. म्हणजे अर्ध्या शतकांत ती जवळजवळ पांचपट झाली होती.

ब्रिग्जच्या मनांत कलेचा उत्कर्ष नव्हता, हें उघड आहे. त्याला वसूल हवा होता आणि कचेरी हवी होती. तथापि परक्या माणसास गांवांत मुळें धरावयाचीं तर त्याच्या पायाखालीं स्वतःची जमीन पाहिजे, हें त्यास बरोबर उमगलें होतें. शिवाय त्याच्या नकळत आणखी एक गोष्ट घडली. कचेरीपाठोपाठ वकील आले, शाळेपाठोपाठ मास्तर आले, आणि पुढें पाऊणशें वर्षांनीं याच सुशिक्षित वर्गांतून ज्ञानाचे राखणदार निघाले.

शंकर श्रीकृष्ण देव हे त्यांतील अग्रगण्य होत. धुळ्यास वकिली करणाऱ्या या गृहस्थानें समर्थ रामदासांच्या वाङ्मयास सारी हयात वाहून घेतली. १८९३ सालीं धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. मठामठांतून हिंडून देवांनीं हस्तलिखितें मिळविलीं. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून ‘दासबोध’ १९०५ सालीं प्रसिद्ध केला. आणि जमलेल्या बाडांना कायमचें घर असावें, म्हणून धुळ्यास श्रीसमर्थ वाग्देवतामंदिर उभें राहिलें. समर्थांचा जन्म जांबेचा, त्यांचें कार्यक्षेत्र कृष्णाकांठ, त्यांची समाधि सज्जनगडावर. पण त्यांच्या संप्रदायाच्या पोथ्यांचा मोठा सांठा जपला गेला तो पांझरेच्या कांठीं! गुणी माणूस जेथें जन्मतो तेथेंच त्याचें काम जिवंत राहतें असें नाहीं. तें जेथें सांभाळणारा भेटतो तेथें राहतें.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या बाबतींत या गोष्टीचा प्रत्यय अधिक तीव्रतेनें येतो. राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पुढें त्यांनीं बावीस खंड प्रसिद्ध केले. या कामासाठीं ते गांवोगांव, वाड्यावाड्यांतून दप्तरें शोधीत हिंडले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच प्रेरणेनें निघालें. पुण्यासारखें विद्येचें माहेरघर, तेथें स्वतः स्थापिलेली संस्था, आणि तरीहि हा तापट व निःस्पृह पुरुष तेथें टिकला नाहीं. मतभेद होऊन त्यांनीं ती संस्था सोडली, आणि अखेरचा मुक्काम धुळ्यास केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

यानंतर जें घडलें तें धुळ्याच्या इतिहासांतील सोनेरी पान होय. इतिहासाचार्यांच्या मागें काय होतें? घरदार नाहीं, ठेव नाहीं. होते ते कागद: दप्तरें, टिपणें, शब्दांच्या व्युत्पत्तीचे ढीग. असे कागद वारसांच्या माळ्यावर वाळवीस दिल्याचीं उदाहरणें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. धुळ्याच्या लोकांनीं मात्र शोकसभेवर भागविलें नाहीं. ९ जानेवारी १९२७ रोजीं, म्हणजे मृत्यूनंतर नवव्या दिवशीं, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. भास्कर वामन भट यांच्यासारखे अभ्यासक त्यामागें उभे राहिले. मंडळानें इमारत उभारली, वस्तुसंग्रह केला, ‘संशोधक’ हें नियतकालिक चालविलें. राजवाडे यांचा धातुकोश १९३७ सालीं आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ सालीं धुळ्याहून प्रकाशित झाला. माणूस गेल्यावर दहा व पंधरा वर्षांनीं त्याचे अपुरे ग्रंथ छापून काढणें, याला दरबारी औदार्य नव्हे, तर नागरी निष्ठा लागते. ती निष्ठा एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सामान्य उत्पन्नाच्या लोकांनीं दाखविली.

धुळ्यानें विद्वानांचे कागद जपले. अमळनेरानें विद्वानांना जपून पाहिलें. बोरी नदीच्या कांठच्या या गांवीं कापडाची गिरणी काढणारे श्रीमंत प्रताप शेठ यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापिलें. गिरणीच्या नफ्यांतून वेदान्ताचा अभ्यास चालावा, ही कल्पना पाटणच्या पळीभर तेलाचीच वंशज होय. येथें अभ्यासकांस राहण्यास जागा, वाचण्यास ग्रंथालय आणि निर्वाहापुरती वृत्ति मिळे. घनशामदास मलकानी यांनीं येथें दीर्घकाळ काम केलें; कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ति यांच्यासारखे नामांकित तत्त्वचिंतक या मंदिराशीं निगडित होते. अमळनेरहून निघणारें इंग्रजी तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक देशोदेशींच्या विद्यापीठांत वाचलें जाई.

याच मंदिरांत १९२३ च्या सुमारास पांडुरंग सदाशिव साने नांवाचा एक तरुण तत्त्वज्ञान शिकावयास आला. त्याचें मन ग्रंथालयापेक्षां मुलांत रमलें. १९२४ पासून १९३० पर्यंत तो अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होता, वसतिगृहांतील मुलांची आई होता, ‘विद्यार्थी’ मासिकाचा संपादक होता. हेच साने गुरुजी. तत्त्वज्ञान मंदिर त्यांना घेऊन आलें, पण त्यांना ठेवून घेतलें तें शाळेनें. नगरांत एकच संस्था असेल, तर तेथें न रमलेला माणूस परत जातो. दुसरें दार उघडें असेल, तर तो राहतो. १९३० सालीं स्वातंत्र्यसंग्रामाची हांक आली आणि गुरुजी शाळा सोडून निघाले.

त्यानंतर त्यांचा धुळ्यास जो मुक्काम झाला, तो आवडीचा नव्हता. तो सरकारी पाहुणचार होता. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबाजी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें त्यांनीं दिलीं, आणि तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. तींच ‘गीताप्रवचनें’ पुढें भारताच्या अनेक भाषांत गेलीं. बोलणारा आणि लिहून घेणारा एका छपराखालीं येणें, हीच तेथील सारी सामुग्री! तुरुंगाच्या भिंतींनीं जें नकळत घडविलें, तें मोकळ्या नगरानें जाणूनबुजून घडवूं नये काय?

जळगांवची कथा याहून वेगळी, आणि थोडी हुरहूर लावणारी आहे. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. रेव्हरंड टिळकांसारखे कवि जमले होते. धरणगांवीं जन्मलेल्या सोळासतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यानें तेथें आपली कविता ऐकविली, आणि सभेनें त्याला ‘बालकवि’ हें नांव दिलें. मराठी कवितेंतील एक अमर नांव जळगांवच्या मंडपांत जन्मलें. पण मंडप उतरल्यावर त्या मुलाचें काय? त्याला आसरा दिला तो टिळक पतिपत्नींनीं, आणि तो अहमदनगरास. जळगांवानें नांव दिलें. छप्पर दुसऱ्या गांवानें दिलें. पुढें पोटासाठीं व शिक्षणासाठीं गांवोगांव फिरतां फिरतां, ५ मे १९१८ रोजीं, जळगांवजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीसहि भरलें नव्हतें.

खानदेशानें संमेलनें पुष्कळ पाहिलीं. १९३६ सालीं जळगांवास माधव जूलियन, १९४४ सालीं धुळ्यास मामा वरेरकर, १९५२ सालीं अमळनेरास कृ. पां. कुलकर्णी, १९८४ सालीं पुन्हां जळगांवास शंकरराव खरात, आणि २०२४ सालीं अमळनेरास रवींद्र शोभणे अशीं अध्यक्षांची मालिका आहे. अशा सोहळ्यांनीं वाचकांत उत्साह येतो, हें खरें. परंतु संमेलन म्हणजे तीन दिवसांची पंगत. कवीला चूल वर्षभर पेटवावयाची असते.

ज्या काळीं जळगांवांत हे मंडप उभे राहत होते, त्याच काळीं त्याच गांवच्या चौधरी वाड्यांत एक स्त्री जात्यावर बसून ओव्या रचीत होती. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, जवळच्याच आसोद्याचा. तेराव्या वर्षीं लग्न होऊन त्या जळगांवीं आल्या. गुणिजन कोठें राहणें पसंत करतात, असा विचार करतांना एक गोष्ट विसरूं नये: पसंतीचा हा हक्क बहुतेक पुरुषांनाच होता. बहिणाबाईंचें गांव लग्नानें ठरलें, त्यांची लेखणी कोणी हातीं दिलीच नाहीं. त्यांच्या मुखांतील कविता पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनीं टिपून ठेवली, म्हणून ती वांचली. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या. १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं प्रसिद्ध झालीं. आज खानदेशांतील विद्यापीठास त्यांचें नांव आहे. पण त्या जिवंत असतांना नगराची दृष्टि मंडपाकडे होती, जात्याकडे नव्हती. कलावंत बाहेरून आणण्यापूर्वीं घरांतला ओळखावा, हा धडा जळगांवानें साऱ्या महाराष्ट्राला दिला आहे.

मुक्काम स्वतःच्या इच्छेनें निवडणाऱ्याचें उदाहरण चाळीसगांवीं सांपडतें. केकी मूस यांचा जन्म १९१२ सालीं मुंबईंत झाला, कलाशिक्षण इंग्लंडांत झालें. मुंबईंत नांव व पैसा मिळविणें त्यांना अवघड नव्हतें. पण ते चाळीसगांवीं स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यांत येऊन राहिले आणि १९८९ च्या अखेरीस तेथेंच वारले. जवळजवळ अर्धें शतक ते क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर मीठ, काड्या, कागद, खेळणीं मांडून त्यांतून डोंगर, बर्फ व वादळें निर्माण करणारें त्यांचें छायाचित्रण जगभर गाजलें. त्यांना काय हवें होतें? एक घर, थोडा उजेड, आणि कोणी व्यत्यय न आणणें. गांवानें त्यांना एकांत दिला, आणि त्यांच्या मागें तें घर व त्यांतील कलाकृति कलासंग्रह म्हणून राखल्या गेल्या.

याच्या उलट राम सुतार यांचें. धुळ्याजवळच्या गोंदूर गांवीं १९२५ सालीं जन्मलेला हा सुतारकामाचा वारसा असलेला मुलगा गुरूच्या सल्ल्यानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला, पुढें वेरूळच्या लेण्यांच्या दुरुस्तीवर राहिला, आणि अखेर दिल्लीकडे स्थिरावला. २०१८ सालीं नर्मदेकांठीं उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांच्याच प्रतिभेचा. त्यांस खानदेशानें धरून ठेवावयास हवें होतें, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. प्रचंड पुतळ्यास भट्टी लागते, शेंकडो हात लागतात, सरकारी मागणी लागते. छायाचित्रकाराला टेबल पुरतें. शिल्पकाराला राजधानी लागते. म्हणून गुणिजनांस बोलावणाऱ्या नगरानें आधीं हें ओळखावें, कीं कोणत्या विद्येची गरज आपण भागवूं शकतों.

परदेशांतहि हा विचार अलीकडे फार झाला. अमेरिकेंतील रिचर्ड फ्लोरिडा यांनीं २००२ सालीं असें मांडलें, कीं जेथें सर्जनशील लोक जमतात तेथें नगराची भरभराट होते. म्हणून नगरांनीं त्यांना आकर्षून घ्यावें. अनेक नगरपालिकांनीं हा मंत्र उचलला, जुने मोहल्ले सजविले. पण भाडीं चढलीं आणि ज्यांच्यासाठीं सजावट केली ते चित्रकार व गवईच बाहेर फेकले गेले. हा दोष पुढें २०१७ सालीं खुद्द फ्लोरिडा यांनींहि आपल्या ग्रंथांत मान्य केला. ब्रिग्जच्या कायमच्या बिनभाड्याच्या जागेंतील शहाणपण तेथें उशिरां कळलें!

महाराष्ट्र शासनानें २०१० सालीं सांस्कृतिक धोरण जाहीर केलें. धोरणें राजधानींत लिहिलीं जातात; पण तीं अंमलांत येतात तीं गल्लींत, वाचनालयांत, शाळेच्या वर्गांत आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत. खानदेशाच्या अनुभवानें सांगावयाचें तें इतकेंच, कीं सत्कारानें गुणी माणूस सुखावतो, पण राहत नाहीं. तो राहतो तो पायाखालच्या जागेनें, रोजच्या भाकरीच्या आश्वासनानें, बोलणें ऐकून घेणाऱ्या चार माणसांमुळें, आणि आपल्या मागें आपले कागद रद्दींत जाणार नाहींत या भरंवशानें. यांतलें कांहींहि फार महाग नाहीं. पाटणच्या घाण्यावाल्यास तें रोज पळीभर तेलांत पडत होतें. जळगांवच्या व धुळ्याच्या पेठा आज त्या पेठेहून कितीतरी श्रीमंत आहेत. पळी कोणीं धरावयाची, एवढेंच ठरावयाचें आहे.